गंगारामची सात कार्डं

बालाजीचा फोन आला तेव्हा मी गंगारामवर चिडूनच बसलो होतो. मंगळवारी सकाळी दहा वाजता ये, येताना पासपोर्ट साइजचे दोन फोटो आण, असं त्याला दोनदा बजावलं होतं. साडेअकरा झाले तरी स्वारीचा पत्ता नाही. हट्ट्याहून वसमतला यायला असा कितीसा वेळ लागतो... मी दोनदा चहा घेतला आणि दोनदा बायकोला म्हणालो की हा माणूस उभ्या जन्मात वेळेवर आला नाही. ती म्हणाली, "सुपारी घेतलेली असली तर अर्धा तास आधी पोचतात. तुमच्याकडेच उशिरा येतात." तेवढ्यात फोन वाजला. गंगारामच्या मुलाचं नाव दिसलं. मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू केलं, "कुठं आहे रे तुझा बाप?" पलीकडे बालाजीने माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाला, "काका, बापू गेले. सकाळी संबळाची दोरी ओढून राहिले होते, तसेच कलंडले." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझा राग लगेच उतरला नाही. कुणावर काढायचा ते माणूसच राहिलं नव्हतं, म्हणून तो तसाच छातीत बसून राहिला. आज दीड महिना झाला, अजून आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

गंगाराम हट्ट्याचा गोंधळी. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी इंग्रजीचा मास्तर झालो आणि वसमतच्या कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालो. तो वडिलांच्या मागे उभा राहून आधी दिवटी धरायला आणि मग संबळ वाजवायला शिकला. घरात लग्न झालं, काही शुभ झालं की देवीचा गोंधळ घालायची आमच्याकडे रीत आहे, आणि त्यासाठी शिरड शहापूरपासून थेट सेनगावपर्यंत गंगारामला बोलावणं जायचं. बोलावणं म्हणजे सुपारी. यजमानाने विड्याच्या पानावर हळदकुंकू लावलेली सुपारी दोन्ही हातांनी पुढे धरायची, गोंधळ्याने ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायची, झाला करार. कागद नाही, सही नाही. गंगारामच्या घरची त्यात आणखी एक भर होती. घेतलेली सुपारी तो आपल्या देव्हाऱ्यात ठेवायचा आणि गोंधळ पार पडला की त्या यजमानाच्याच अंगणात अडकित्त्याने फोडून सगळ्यांना वाटायचा. तोवर ती देव्हाऱ्यातून हलायची नाही. एकदा त्याला सेनगावची सुपारी होती आणि अंगात ताप होता. एस.टी. वाटेत बंद पडली, तर हा बाबा संबळ खांद्यावर टाकून चालत निघाला. पोचला, गोंधळ घातला, आणि मग त्याच घरी चार दिवस आजारी पडून राहिला. यजमान पुढे मला भेटले तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुमच्या दोस्ताला पुन्हा बोलावताना आधी थर्मामीटर लावून बघतो." मी गंगारामला चांगलाच झापला. तो म्हणाला, "घेतली की घेतली." त्या तीन शब्दांपुढे त्याच्याशी वाद घालून उपयोग नसायचा. तरी मी जन्मभर घालत राहिलो.

आता माझंही एक सांगून टाकतो, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं, अभिजितचं, लग्न ठरलं. मी स्वतः हट्ट्याला गेलो आणि पानावर सुपारी ठेवून गंगारामच्या हातात दिली. त्याला कोण आनंद. "मास्तर, तुझ्या अंगणात घालतो तो गोंधळ बघ तू," म्हणाला. नंतर सुनेच्या माहेरच्यांना सोयीचं म्हणून लग्न पुण्याला लॉनवर करायचं ठरलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पोरांना विमानाने कुठेतरी फिरायला जायचं होतं. अभिजित म्हणाला, "बाबा, आता गोंधळ कुठे घालत बसता? नंतर बघू." मी गंगारामला फोन लावला. म्हणालो, "अरे, ह्या पोरांचं काही खरं नाही. पुढं बघू." तो म्हणाला, "बघू की. बराबर हाय." लग्नाला आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोपऱ्यातल्या टेबलावर जेवला, दोघांच्या डोक्यावर हात ठेवून गेला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. मीही काढला नाही. तो काढत नाही म्हणजे विसरला असणार, अशी माझी सोय मी करून घेतली.

त्याच्या पुढच्या वर्षी लोककलांवर अभ्यास करणारी पुण्याची एक मुलगी गंगारामचं रेकॉर्डिंग करायला आली होती. तिने मला एक लिंक पाठवली. बेल्जियममधल्या एका शहरात जगभरचे नाटकवाले, नाचणारे, गाणारे आणि त्यांना आपल्या देशात बोलावणारे महोत्सववाले चार दिवस एकत्र जमतात, ओळखी करून घेतात, त्यातून पुढची बोलावणी ठरतात. ह्याला इंग्रजीत नेटवर्किंग म्हणतात. कलावंताला सोबत दुभाषा नेता येत होता. मी लगेच अर्ज भरायला बसलो. एवढी घाई मला का, हे गंगारामने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अर्जात संस्था, गट की स्वतंत्र कलावंत, असा प्रश्न होता. "स्वतंत्र म्हंजे?" त्याने विचारलं. म्हणालो, "म्हणजे ज्याच्या मागे कुणी नाही तो." "मंग तेच लिव. भाऊ पुण्याला वाचमन, पोरानं मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझ्या मागं कोन हाय?" पुढे होतं, तुमची कला समाजात कोणता बदल घडवते? गंगारामने बराच विचार केला. म्हणाला, "लग्नाची धावपळ झाल्यालं घर जरा निवांत होतं." तेवढंच मी शंभर शब्दांत लिहिलं, आणि आमची निवड झाली.

ती जागा म्हणजे एक जुनी सूतगिरणी, रंगरंगोटी करून तिचं कलाकेंद्र केलेलं. आत शिरल्याबरोबर गंगाराम वर पत्र्याकडे बघत म्हणाला, "ही तं आपल्याकडची जिनिंग हाय." दारातच एका मुलीने आमच्या गळ्यात पट्टे घातले, त्यांना नावाची कार्डं. गंगारामने आपलं कार्ड कवड्यांच्या माळेवर नीट बसवून घेतलं. त्यानंतर चार दिवस जे चाललं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. शेकडो माणसं, प्रत्येकाच्या हातात कॉफी, आणि समोर कुणी आला की आधी त्याच्या छातीवरचं कार्ड वाचायचं, मग तोंडाकडे बघायचं की नाही ते ठरवायचं. कार्डावर महोत्सवाचं नाव असलं की त्या माणसाभोवती गराडा. आमच्या कार्डावर नावाखाली 'स्वतंत्र कलावंत'. ते वाचलं की समोरच्याचं हसू जागच्या जागी राहायचं आणि पाय मात्र पुढे निघालेले असायचे. तीस वर्षं इंग्रजी शिकवून मला त्या लोकांच्या इंग्रजीत होकार कुठला आणि नकार कुठला हे कळेना. सगळंच 'इंटरेस्टिंग' आणि सगळंच 'वंडरफुल'. दिवटी पेटवायला तर पहिल्याच दिवशी मनाई झाली. धूर झाला की छतातून आपोआप पाणी पडतं, असं त्यांनी सांगितलं. मी ते भाषांतर करून सांगितल्यावर गंगाराम कितीतरी वेळ छताकडे बघत राहिला. म्हणाला, "ही मशीन आपल्याकडं पाहिजेल होती."

तिसऱ्या दिवशी आमची पाळी होती. आमच्यासारख्यांना रंगमंच नव्हता, टेबलं होती. पाच टेबलं, प्रत्येकावर एक महोत्सववाला. दहा मिनिटं झाली की घंटा, उठायचं आणि पुढच्या टेबलावर बसायचं. मी गंगारामला आदल्या दिवसापासून पढवलं होतं की एक मिनिट नमस्कार-चमत्कार, तीन मिनिटं संबळ, बाकीचं मी बोलतो. "बराबर," म्हणाला. आणि पहिल्या टेबलावर बसल्या बसल्या डोळे मिटून, संबळावर काठी टेकवून देवांना बोलवायला लागला. गोंधळात आधी गावोगावच्या देवांना नावानिशी बोलावतात. ते सगळे आले की मग कथा. मी टेबलाखालून पायाने ढोसतोय, "गंग्या, मुद्द्यावर ये." तो डोळे न उघडता म्हणाला, "देव आले न्हाईत अजून." समोरचे उंच गृहस्थ घड्याळ बघतायत. घंटा वाजली तेव्हा गंगाराम औंढ्याच्या नागनाथापाशी पोचला होता. उठायलाच तयार नाही. "नागनाथाला ये म्हनलं आन मीच उठून जाऊ का?" दंडाला धरून त्याला दुसऱ्या टेबलावर नेला. मला वाटलं, आता तरी अक्कल आली असेल. तर ह्याने तिथे औंढ्यापासून पुढे चालू केलं. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंच्या वाट्याला औंढा ते माहूर आलं, तिसऱ्याच्या वाट्याला माहूर ते तुळजापूर, चौथ्याला वाड्या-वस्त्यांवरची उरलेली दैवतं. कुणालाच शेंडा-बुडखा लागला नाही. मी प्रत्येक टेबलावर माफी मागत होतो, त्या थंडीत मला घाम फुटला होता. ते सगळे सभ्यपणे 'इंटरेस्टिंग' म्हणाले आणि आपापलं कार्ड देऊन मोकळे झाले.

पाचव्या टेबलावर कोरियाच्या एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, पन्नाशीच्या पुढच्या. तिथे पोचेपर्यंत देव सगळे आले होते. गंगारामने डोळे उघडले, बाईंकडे बघून हसला आणि कथा लावली. मी भाषांतर करायचं विसरलो. हट्ट्याच्या अंगणांतून मी जो गंगाराम ऐकत मोठा झालो, तो त्या गिरणीत, टेबलाच्या कडेला संबळ टेकवून, जसाच्या तसा गात होता. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. घंटा वाजली, त्या उठल्या नाहीत. मागे पुढचा कलावंत येऊन ताटकळला तेव्हा त्यांनी पर्समधून कार्ड काढलं, उभ्या राहिल्या, जरा वाकल्या आणि दोन्ही हातांनी ते गंगारामपुढे धरलं. त्यांच्याकडे कार्ड असंच देतात, हे मला पुढे कळलं. गंगारामने एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे करून कार्ड घेतलं आणि कपाळाला लावलं. बाई इंग्रजीत म्हणाल्या, आपण संपर्कात राहू. "काय म्हणती?" गंगारामने विचारलं. म्हणालो, "संपर्कात राहू म्हणतात." "म्हंजे बोलावती का न्हाई बोलावत?" त्या इंग्रजी वाक्याचं चोख मराठी माझ्या जिभेवर आलं होतं. पुढं बघू. बाकी काही नाही. पण ते दोन शब्द मी गंगारामला एकदा फोनवर ऐकवले होते, आणि पुन्हा त्याच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "व्हय म्हणून समज."

तिथेच सगळं बिघडलं. पाच टेबलांची पाच आणि कॉफीच्या रांगेत मिळालेली दोन, अशी सात कार्डं हळदकुंकू लागून देव्हाऱ्यात गेली. पुढच्या वैशाखात शिरड शहापूरच्या एका घरचं बोलावणं आलं तर गंगाराम त्यांना म्हणाला, "वैशाखाचं मला सांगता येत न्हाई, बाहेरदेशीची सुपारी हाय." एकाला नाही, असं तिघा-चौघांना सांगितलं. बालाजी तक्रार घेऊन माझ्याकडे आला. मी तडक हट्ट्याला गेलो आणि त्याच्यावर ओरडलो की ते कार्ड म्हणजे सुपारी नव्हे, ते लोक दिसेल त्याला कार्ड देतात. "सगळ्यायला देती?" त्याने विचारलं. "सगळ्यांना." "मंग लई मोठ्या मनाची मानसं म्हनायची." मी कपाळावर हात मारला. म्हणालो, "अरे, त्यावर नुसतं नाव-पत्ता असतो." तो शांतपणे म्हणाला, "बोलवायचं न्हाई तं पत्ता काहून देतील? आन तिनं दोन्ही हातानं दिलं. तू व्हतास की तिथं. तूच म्हनला, व्हय म्हणून समज." त्या दिवशी मी खोटं बोललो, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते म्हणायचं तर खोटं का बोललो हेही सांगावं लागलं असतं. मी चहा पिऊन परत आलो.

मग त्याच्या वतीने सातही जणांना ई-मेल करणं माझ्याकडे आलं. चौघांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी कळवलं की यंदाचं सगळं ठरलं आहे, संपर्कात राहू. कोरियाच्या बाईंनी तेवढं जरा मोठं पत्र लिहिलं की तो माणूस अजून डोळ्यांपुढे आहे, पण आमच्याकडे काही अडचणी आहेत, आत्ताच सांगता येत नाही. हे वाचून दाखवल्यापासून तर त्याने भंडावून सोडलं. पासपोर्ट किती दिस चालंल? तिकडं आता थंडी असंल का? दिवटीचं पुन्हा एकदा इचारून बघतो का? अशी दोन-अडीच वर्षं गेली. त्या मंगळवारी मी फोटो मागवले होते तेही एवढ्यासाठीच. बोलावणं कुठलंच नव्हतं. एक कोरा फॉर्म भरून ठेवू, म्हणजे हा महिनाभर तरी गप्प बसेल, असा माझा बेत होता.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी बालाजीने मला बोलावून घेतलं. देव्हाऱ्यासमोर बसलो. म्हणाला, "काका, बापूनं घेतल्याल्या सुपाऱ्या मोकळ्या कराव्या लागतील. आमच्यात असं हाय, मानूस गेला तं पोरानं जाऊन गोंधळ घालायचा, न्हाई तं हात जोडून सुपारी परत द्यायची. तशीच देव्हाऱ्यात ठेवता येत न्हाई. आता मी कुठं जाऊ तिकडं? तुमीच त्यायला लिवा." मी भडकलो. म्हणालो, मेलेल्या माणसाचा वेडेपणा जिवंत माणसाने पुढे चालवायचा नसतो. ज्यांनी बोलावलंच नाही त्यांची माफी कसली मागायची? बालाजी ऐकून घेत राहिला. बापासारखाच आहे, वाद घालत नाही. शेवटी मी सातही कार्डं मोजून घेतली. कोरियाच्या बाईंचं कार्ड सगळ्यांत वर होतं, त्याची एक कड कुंकवाने लाल झालेली. कार्डं उचलली तर मागे एक छोटी पितळी वाटी दिसली. वाटीत पानाचा वाळून चुरा झालेला आणि त्यावर एक सुपारी.

"ही कुणाची राहिली?" मी विचारलं. "ही तर इथलीच असणार. आजच्या आज देऊन टाक." बालाजीने वाटी जरा मागे सरकवली. "कुणाची रे?" तो खाली बघत म्हणाला, "बापू म्हनायचे, कार्डाचं काय बी मास्तरला इचार, पन ह्या सुपारीचं त्याच्यापुढं काढू नको, त्याला वाईट वाटंल." मग म्हणाला, "तुमची हाय, काका. अभिदादाच्या लग्नाची."

परक्या देशातल्या माणसांनी दिलेल्या कार्डांची वाट बघतो म्हणून मी ह्या माणसाला अडीच वर्षं वेडा म्हणत होतो. आणि खरी सुपारी, हळदकुंकवाची, दोन्ही हातांनी दिलेली, माझीच तेवढी त्या देव्हाऱ्यात पडून होती. माझ्या घरी शंभरदा आला. चहा प्यायला, माझं ओरडणं ऐकलं, माझ्या अंगणातून चप्पल घालून निघून गेला. एकदा तरी म्हणायचं होतंस गंग्या, मास्तर, माझी सुपारी कधी फोडायची. भांडायचं होतंस, शिव्या द्यायच्या होत्यास. मला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प बसलास, ह्याचा मला किती संताप येतो ते तुला आता कसं सांगू... आणि मी तुला खूप ओरडलो रे. तेवढं नको होतं.

घरी येऊन सातही पत्रं लिहिली. आमच्याकडे बोलावणं कसं देतात, तुमचं कार्ड गंगारामने तसं का घेतलं, तो आता येऊ शकणार नाही आणि त्याचा मुलगा हात जोडून ते परत करतो आहे, हे इंग्रजीत मांडताना माझी दमछाक झाली. चार दिवसांनी कोरियाच्या बाईंचं उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. "मी त्यांना बोलावलं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर फार बरं झालं असतं."

आठव्या सुपारीचं, म्हणजे माझ्या सुपारीचं काय, ते बालाजीने दोनच दिवसांत फोन करून विचारलं. "काका, परत घेता का तारीख सांगता?" मी म्हणालो, तारीख सांगतो. अभिजितला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आत्ता सुट्टी मिळायची नाही, पुढं बघू." मी इतक्या जोरात ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणालो, तू ये नाही तर नको येऊस, सुपारी मी दिलेली आहे. फोन ठेवला आणि बालाजीला पुढच्या महिन्यातली पौर्णिमा सांगितली.

परवा पुन्हा हट्ट्याला जाऊन आलो. बालाजी दारात बसून बापाच्या संबळाची दोरी ओढत होता. सुपारी त्याच वाटीत आहे. माझ्या अंगणात येईपर्यंत ती तिथून हलायची नाही. मी ती दोन बोटांत धरून दाबून बघितली. चार वर्षांत वाळून अगदी दगड झाली आहे. शेजारी गंगारामचा अडकित्ता पडला होता, जुना, धार गेलेला. "ही काही फुटायची नाही रे," मी म्हणालो.

बालाजीने मान वर केली नाही. "फुटती, काका. रातभर पान्यात ठेवायची. बापूनं सांगून ठेवलंय."